बीफस्टेक टोमॅटो पुण्याच्या गच्चीवर: पेरणीच्या तारखेपासून तोडणीपर्यंत

दरवर्षी मार्चच्या सुमारास मला एकाच प्रकारचे फोटो येतात. सहा फूट उंच, हिरवंगार झाड, अंगठ्याएवढं जाड खोड आणि खाली मातीवर देठासकट गळून पडलेली पिवळी फुलं. फळ एकही नाही. सोबत प्रश्न असतो, "खत कोणतं घालू?" खताने तिथे काही होणार नसतं. बी जानेवारीत पेरलेलं असतं, फुलं मार्चमध्ये आलेली असतात आणि पुण्याच्या मार्चमध्ये बीफस्टेकचं फूल टिकत नाही. पहिल्या वर्षी माझंही असंच झालं होतं. तीन झाडं एप्रिलमध्ये उपटून टाकताना फार वाईट वाटलं, कारण मेहनतीत कुठे कमी पडले नव्हते. फक्त तारीख चुकली होती.

बाजारातल्या साध्या टोमॅटोला आडवा कापलं तर आत दोन-तीन मोठे कप्पे दिसतात. बीफस्टेकमध्ये लहान लहान कप्पे खूप असतात आणि मधे गर भरगच्च. फळ चपटं, खाचाखाचांचं, ३०० ते ५०० ग्रॅमचं, कधी त्याहून मोठं. फूल धरल्यापासून एवढं फळ पिकायला साधारण दोन महिने लागतात आणि तेवढे दिवस झाडाला हवामान, पाणी, आधार सगळं सारखं मिळावं लागतं. त्यामुळे खाली दिलेला क्रम बदलू नका. बरीचशी कामं रोप हातात येण्याआधीचीच आहेत.

## टप्पा १: तारीख उलटी मोजा

रात्रीचं तापमान १३ ते २१ अंश आणि दिवसाचं ३२ अंशांच्या आत असेल तेव्हा बीफस्टेकची फुलं उत्तम फळ धरतात. पुण्यात ही जुळणी ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मिळते. पुढे डिसेंबर-जानेवारीत रात्री १० अंशांच्या आसपास उतरतात. त्या थंडीत तयार झालेल्या कळ्यांची फळं वेडीवाकडी, तळाशी व्रणासारखे डाग असलेली निघतात. फेब्रुवारीत आणखी एक छोटी संधी असते. मार्चच्या मध्यानंतर दिवस ३५ अंशांच्या वर गेले की परागकण निकामी होतात आणि फूल गळतं.

म्हणजे पहिला घड नोव्हेंबरात धरला पाहिजे. तिथून मागे मोजत या:

- बी पेरणं: १५ ते २५ ऑगस्ट
- रोप ट्रेमधून कपात हलवणं: सप्टेंबरचा पहिला आठवडा
- मोठ्या पिशवीत लावणं: २० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर
- पहिली फुलं: ऑक्टोबरची अखेर
- तोडणी: डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत

गणपतीच्या आसपास रोपं, दिवाळीच्या सुमारास फुलं, असं ढोबळ लक्षात ठेवता येतं. पण सण दरवर्षी मागेपुढे होतात, म्हणून कॅलेंडरवर तारीखच लिहून ठेवा.

इथे चुकतं: पाकिटावर "८० दिवस" असं छापलेलं असतं. ते दिवस रोप जमिनीत लावल्यापासूनचे असतात, बी पेरल्यापासूनचे नव्हेत. पेरणी ते लावणी हे ३५-४० दिवस त्यात वेगळे मिळवायचे. शिवाय "शेवटचं हिमतुषार पडून गेल्यावर लावा" ही सूचना थंड देशांसाठी असते. ती वाचूनच लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये लावतात.

ऑगस्ट हुकला तर १० सप्टेंबरपर्यंत पेरायला हरकत नाही. त्यानंतर मोठ्या फळाच्या जातीचा हट्ट सोडून त्या हंगामापुरते चेरी टोमॅटो लावा.

## टप्पा २: डिसेंबरच्या उन्हाची जागा शोधा

जागा आपण ऑगस्टमध्ये निवडतो आणि फळ डिसेंबरात भरतं. या दोन महिन्यांत पुण्याचा सूर्य सारखा नसतो. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस तो भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, पण डिसेंबरच्या शेवटी दक्षिणेकडे एवढा कलतो की भर दुपारीसुद्धा वस्तूची सावली तिच्या उंचीच्या जवळपास नऊ दशांश लांब पडते. गच्चीच्या दक्षिण कठड्याची उंची तीन फूट असेल, तर त्यालगतची पावणेतीन फुटांची पट्टी हिवाळ्यात सावलीत जाते. दक्षिणेला तुमच्या गच्चीपेक्षा ४० फूट उंच इमारत असेल तर ३६ फुटांपर्यंत ऊन विसरा.

याची उलट बाजूही आहे. ऑगस्टमध्ये जिच्यात ऊन शिरतच नाही अशी दक्षिणेची गॅलरी डिसेंबरात उन्हाने भरून जाते. बाणेर-बावधनच्या उंच इमारतींतल्या कितीतरी गॅलऱ्या अशा आहेत आणि लोक त्या उगाच नाकारतात. पहिला पर्याय म्हणून तिथेच बघा. किमान सहा तास थेट ऊन हवं, त्यातही सकाळचं जास्त मोलाचं.

वजनाचा विचार आत्ताच करा. ओली भरलेली १८ इंची पिशवी ६०-७० किलोंची होते. आठ-दहा पिशव्या ठेवायच्या असतील तर त्या स्लॅबच्या मधोमध नकोत. भिंतीलगत, तुळईच्या रेषेवर, दोन विटांवर उचलून ठेवा. जुनी इमारत असेल तर सोसायटीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिल्या वर्षी तीनच झाडं लावा. तीन झाडांची नीट देखभाल होते, दहांची होत नाही.

## टप्पा ३: बी निवडणं

बीफस्टेकच्या बहुतेक जाती अमर्याद वाढीच्या असतात. वेलासारख्या वाढतच राहतात, एका उंचीला थांबत नाहीत. पाकिटावर "झुडपी" किंवा "मर्यादित वाढीची" असं असेल तर या लेखातली छाटणी तिला लावू नका.

सुरुवातीला बिग बीफ ही संकरित जात घ्या. मर रोग आणि सूत्रकृमींना (मुळांवर गाठी करणाऱ्या सूक्ष्म कृमींना) ती बरीच दाद देत नाही, फळही भरवशाने धरते. चवीसाठी चेरोकी पर्पल किंवा ब्लॅक क्रिम. दोन्हींचा गर गडद, गोडसर-खारट लागतो. ब्रँडीवाइनचं नाव फार मोठं आहे, चवही तशीच आहे, पण ती उशिरा येते, फळं मोजकी देते आणि तापमानाबद्दल फार हळवी असते. पहिल्याच वर्षी फक्त तिच्यावर विसंबू नका.

एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याकडच्या शेतीच्या बऱ्याच संकरित जातींमध्ये पर्णगुच्छ विषाणूला, म्हणजे ज्याला आपण चुरडा-मुरडा म्हणतो त्याला, प्रतिकार करण्याचा गुण घातलेला असतो. या परदेशी वाणांत तो नसतो. म्हणूनच टप्पा ५ मधली जाळी टाळता येत नाही.

## टप्पा ४: माती आधी, रोप नंतर

माती लावणीच्या किमान तीन आठवडे आधी कालवून ठेवायची, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत. लावणीच्या दिवशी कालवलेली माती महिनाभर खचत राहते आणि मुळं उघडी पडतात.

पिशवी १८ × १८ इंचांची घ्या, तिच्यात सुमारे ७५ लिटर मावतं. निळा २०० लिटरचा ड्रम आडवा अर्धा कापून तळाला भोकं पाडली तरी छान. १२ इंची कुंडीत बीफस्टेक लावू नका. झाड जगेल, पण दुपारी तीनला रोज माना टाकेल आणि मोठं फळ मिळणारच नाही.

एका पिशवीसाठी, १० लिटरच्या बादलीने मोजून:

- अडीच बादल्या चाळलेली माती (लाल किंवा लाल-काळी मिसळून)
- दोन बादल्या पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट
- दोन बादल्या भिजवून धुतलेलं कोकोपीट
- २०० ग्रॅम निंबोळी पेंड
- ५० ग्रॅम जिप्सम
- मूठभर ट्रायकोडर्मा (मुळांचे रोग रोखणारी मित्र बुरशी) मिसळलेलं गांडूळखत

चुना घालू नका. "टोमॅटोला चुना लागतो" हे आम्ल जमिनीसाठी खरं आहे. पुण्याची काळी माती मुळातच विम्लतेकडे झुकलेली असते. कॅल्शियम द्यायचं तर जिप्समातून द्या.

कोकोपीटची वीट भिजवली की लोक लगेच वापरतात. तिच्यात क्षार असतात. भिजवा, पिळा, पाणी फेका. असं तीनदा करा. पहिलं पाणी कडक चहासारखं निघतं, तिसरं फिकट निघालं की झालं.

शेणखत हाताने तपासा. ढिगाच्या पोटात हात घातल्यावर ऊब लागली किंवा शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे. चाळताना अर्धगोल वळलेल्या, जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या तर ती हुमणी. एकही राहू देऊ नका, ती मुळं खाते.

ज्यांच्याकडे बंगल्याचं अंगण आहे त्यांनी काळ्या मातीत थेट खड्डा करू नये. पावसात त्यात पाणी साचतं. फूटभर उंच वाफा करा, हेच मिश्रण त्यात भरा आणि दोन झाडांत अडीच फूट सोडा.

खात्री करा: भरलेल्या पिशवीत दोन लिटर पाणी ओता. आधीच ओल असेल तर काही मिनिटांत खालून निथळायला लागलं पाहिजे. वर तळं साचून राहिलं तर कोकोपीट वाढवा.

## टप्पा ५: पेरणी आणि रोप

प्रो-ट्रे किंवा तळाला भोक पाडलेले कागदी कप. भरायला फक्त कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत, तीनास एक. बी अर्धा सेंटिमीटर खोल. ऑगस्टच्या उबेत ते पाच ते आठ दिवसांत उगवतं.

पावसाळी दमट हवेत रोपं एका रात्रीत आडवी होतात. जमिनीलगत खोड सुतासारखं बारीक होऊन रोप कोलमडतं. ही रोपांची मर आहे. ती बुरशीने होते आणि जास्त पाण्याने बळावते. ट्रे पावसापासून आडोशाला ठेवा, पण उजेडापासून नको. पाणी सकाळी एकदाच द्या, तेही पृष्ठभाग सुकल्यासारखा दिसला तरच.

उगवल्या दिवसापासून रोपाला भरपूर उजेड हवा. खिडकीच्या आत वाढवलेली रोपं लांब, फिकट, लेचीपेची होतात. पारदर्शक पत्र्याखाली किंवा प्लॅस्टिकखाली, चारी बाजूंनी वारा लागेल अशी जागा उत्तम.

आता जाळी. चुरडा-मुरडा पसरवते ती पांढरी माशी, जेमतेम एक मिलिमीटरची. रोप कोवळं असताना लागण झाली तर त्या झाडाचं पुढे काहीच होत नाही. लोक मच्छरदाणी टाकतात आणि निर्धास्त होतात. मच्छरदाणीच्या भोकातून ही माशी आरामात आत जाते. ४० ते ५० मेशची (इंचाला तितकी भोकं असलेली) कीटकरोधक जाळी घ्या, ती नसेल तर ऑर्गंझाची जुनी ओढणी तारेच्या कमानीवर ताणून चारी कडा विटांनी दाबा. लावणीच्या दिवसापर्यंत ती काढायची नाही. पाणीही कड उचलून द्या आणि लगेच झाका.

दोन खरी पानं आली की रोप मोठ्या कपात हलवा, दलपत्रांपर्यंत (उगवताना आलेल्या पहिल्या दोन साध्या पानांपर्यंत) खोड मातीत पुरून. धरताना पानाला धरा, खोडाला नको. पान तुटलं तर दुसरं येतं.

लावणीआधी आठवडाभर रोपांना उन्हाची सवय करा: पहिल्या दिवशी सकाळचा एक तास, मग रोज एकेक तास वाढवत.

## टप्पा ६: लावणी

संध्याकाळ निवडा. आधी बांबू रोवा, मगच रोप लावा. नंतर बांबू ठोकला तर तो मुळांतून जातो. बांबू सात फुटी हवा आणि तो पिशवीच्या मातीवर एकटा उभा राहत नाही; वरचं टोक ग्रिलला, कठड्याला किंवा आडव्या पाइपला बांधा. नोव्हेंबरच्या वाऱ्यात फळाने लदलेलं झाड पिशवीसकट कलंडतं.

रोपाची खालची पानं काढून टाका आणि दोन तृतीयांश खोड मातीत जाईल इतकं खोल लावा. टोमॅटोच्या खोडाला जिथे माती लागते तिथे मुळं फुटतात. रोप उंच झालं असेल तर चर काढून आडवं झोपवा, शेंडा हळूच वर वळवा. दोन दिवसांत तो आपोआप सरळ होतो.

दोन लिटर पाणी द्या आणि दोन इंच जाड आच्छादन पसरा: वाळका पाला, उसाचं पाचट, काहीही. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवा.

सावधान: परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पुण्याला हमखास गाठतो. त्या दिवसांसाठी वर पारदर्शक प्लॅस्टिक बांधता येईल अशी सोय लावणीच्याच दिवशी करून ठेवा.

## टप्पा ७: बांधणी आणि बगलफुटवे

पान आणि खोड यांच्या काखेत जो कोंब येतो तो बगलफुटवा. प्रत्येक फुटवा सोडला तर झाडाचं जंगल होतं आणि फळं लिंबाएवढी राहतात. मुख्य खोड एक ठेवा. जागा रुंद असेल तर पहिल्या फुलोऱ्याच्या लगेच खालचा एक फुटवा दुसरं खोड म्हणून राखा. बाकीचे दोन-तीन इंचांचे असताना बोटांनी बाजूला मोडा, सकाळी, पान कोरडं असताना. आठवड्यातून दोनदा बघा. चार दिवसांत ते हातभर होतात.

नवशिक्यांकडून इथे एक चूक फार होते: फुटवा समजून फुलोऱ्याचाच दांडा मोडला जातो. फुटवा नेहमी पानाच्या काखेतून येतो. फुलोरा खोडातून, दोन पानांच्या मधल्या जागेतून. मोडण्याआधी बोट टेकवून बघा.

तंबाखू किंवा मिश्री हाताळणाऱ्या हातांनी झाडाला स्पर्श करू नये. टोमॅटोला होणारा मोझॅक विषाणू तंबाखूतून येऊ शकतो. मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला आधी साबणाने हात धुवायला सांगा. राग येईल अशा बेताने सांगू नका, पण सांगा.

दर आठ-दहा इंचांवर सुतळीने आठाच्या आकाराची गाठ मारा, एक फेरा बांबूला, दुसरा सैल फेरा खोडाला.

## टप्पा ८: पाणी

मोठ्या टोमॅटोचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पाण्याच्या अनियमितपणाने. फळाच्या तळाशी आधी पाणीदार, मग काळा, चामड्यासारखा चपटा डाग पडतो. याला बूड सडणं म्हणतात, पण हा रोग नाही. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर वाहतं आणि त्यातलं बहुतेक पानांकडे जातं. माती एक दिवस कोरडी पडली की फळाच्या टोकापर्यंत ते पोचतच नाही. फळ जेवढं मोठं आणि जेवढं वेगाने वाढणारं, तेवढा धोका जास्त.

लोक अंड्याची टरफलं टाकतात. ती विरघळायला महिने लागतात, या हंगामाला त्यांचा उपयोग नाही. एप्सम मीठ घालणं तर उलटंच. त्यातलं मॅग्नेशियम कॅल्शियमशी स्पर्धा करतं आणि सडणं वाढतं. डाग पडलेलं फळ लगेच काढून टाका आणि पाण्याचं वेळापत्रक सुधारा. पुढची फळं बहुधा चांगली येतात.

७५ लिटरच्या पिशवीला ऑक्टोबरात रोज दीड-दोन लिटर, झाड पूर्ण वाढल्यावर तीन-चार लिटर, फेब्रुवारीच्या उन्हात पाचपर्यंत. आकडे डोक्यात ठेवा, पण ठरवायचं बोटाने. आच्छादन बाजूला सारून मधलं बोट दोन पेरं आत घाला. ओलसर लागलं तर थांबा. पाणी सकाळी, मुळाशी, पानांवर नाही. दिवाळीत गावाला जाणार असाल तर ठिबक आणि टायमर आधी बसवून चार दिवस चालवून बघा. तीन दिवस कोरडं आणि मग बादलीभर पाणी दिलं की पिकत आलेलं फळ देठाभोवती तडकतं.

बोअरचं पाणी जड असेल आणि मातीवर पांढरी साय दिसू लागली तर महिन्यातून एकदा खालून निथळेपर्यंत भरपूर साधं पाणी देऊन क्षार धुऊन काढा.

## टप्पा ९: खत

लावणीनंतर पंधरा दिवस काहीही नको. मग कळ्या दिसेपर्यंत आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (खताच्या पाकिटावरचे हे आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण सांगतात), लिटरला २ ग्रॅम, झाडाला दोन लिटर. कळ्या दिसल्या की ०:५२:३४ याच मापाने दोन वेळा. फळं वाटाण्याएवढी झाल्यापासून एका आठवड्यात १३:०:४५ आणि दुसऱ्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट, दोन्ही लिटरला २ ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेट दुसऱ्या कुठल्याही खतात मिसळू नका. स्फुरद किंवा सल्फेटबरोबर त्याचा दह्यासारखा साका होतो आणि दोन्ही वाया जातात.

रासायनिक वापरायचं नसेल तर दर तीन आठवड्यांनी दोन ओंजळी गांडूळखत आणि पंधरवड्याला जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं द्रावण). फळं थोडी लहान भरतील, चव छान राहते.

ओळखा: पानं काळपट हिरवी, शेंडा आत वळलेला, खोड फार जाड आणि फुलं नाहीत. हे नत्र जास्त झाल्याचं लक्षण आहे. तीन आठवडे फक्त पाणी द्या.

## टप्पा १०: फूल ते फळ

टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःचं परागीभवन करतं, पण पराग झटकला जावा लागतो. मधमाशीला ते जमत नाही. निळ्या पट्ट्यांची एकटी फिरणारी माशी फुलाला लोंबकळून पंखांचे स्नायू थरथरवून ते करते, पण दहाव्या मजल्यावर तिची वाट बघू नका. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान घडाच्या दांड्यामागे बोटाने तीन-चार टिचक्या मारा, किंवा बॅटरीवर चालणारा टूथब्रश दांड्याला दोन सेकंद टेकवा.

झालं की नाही हे बघायची सोपी रीत: मोबाइल बंद करून त्याची काळी काच उमललेल्या फुलाखाली धरा आणि टिचकी मारा. काचेवर पिठासारखी बारीक पिवळी पूड पडली तर पराग ठीक आहे. काही पडलं नाही तर हवा फार दमट असेल किंवा फूल अजून कच्चं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. फळ धरलं की चार-पाच दिवसांत फुलाचा देठ जाडसर होतो आणि सुकलेल्या पाकळ्यांतून हिरवा मणी डोकावतो. तो मणी दिसण्याचा दिवस मला दरवर्षी नवा वाटतो.

पुढचं काम जिवावर येतं, पण करायला हवं. एका घडात पाच-सहा फळं धरली तरी दोन, फार तर तीन ठेवा. टोकाकडची लहान आणि वेडीवाकडी फळं वाटाण्याएवढी असतानाच काढा. पहिल्याच घडात कधी दोन-तीन फुलं जुळून झालेलं एक रुंद फूल येतं. त्याचं फळ वजनाला प्रचंड, पण फाटलेलं आणि खाचांत माती-अळी धरणारं निघतं. मी ते काढते. एका झाडावर एका वेळी आठ ते दहा फळं पुरेत.

फळ मुठीएवढं झालं की घडाचा दांडा खोडाजवळ मुडपतो आणि तिथून पुढे पाणी नीट जात नाही. त्याआधीच जुन्या सुती साडीची दोन बोटं रुंद पट्टी घडाखालून घेऊन वरच्या पाइपला झोळीसारखी बांधा. सुतळी नको, ती कापते.

## टप्पा ११: रोग आणि किडी

रोज सकाळी पाच मिनिटं पानं उलटून बघा.

पानं वर वळली की सगळे चुरडा-मुरडा समजून घाबरतात. फरक असा: खालची जुनी पानं दुपारी नळीसारखी वळली, पण रंग हिरवा आणि शेंडा जोमदार असेल तर ते ऊन-छाटणीने झालेलं आहे, काही करू नका. शेंड्याची नवी पानं बारीक, कडेने पिवळी, वाटीसारखी आणि झाड खुंटलेलं असेल तर तो विषाणू आहे. त्यावर औषध नाही. झाड पिशवीत बांधून त्याच दिवशी बाहेर काढा, बाकीची वाचतील. पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर लटकवा आणि आठवड्याला संध्याकाळी निंबोळी अर्क फवारा: ५० ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून.

खालच्या पानांवर वर्तुळात वर्तुळ असलेले तपकिरी डाग म्हणजे करपा. ती पानं कापा; पहिल्या घडाच्या खालची सगळी पानं फळं धरल्यावर काढून टाकली तर हवा खेळते आणि निम्मा त्रास संपतो. ढगाळ हवा टिकली तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम. लेबलवर तोडणीआधी जितके दिवस थांबायला सांगितलंय तितके थांबा.

पानावर पारदर्शक चट्टे आणि फळाला देठाजवळ टाचणीएवढी भोकं दिसली तर ती टुटा अळी. २०१४ साली भारतात तिची पहिली नोंद झाली ती पुण्याच्याच परिसरात. चट्टे पडलेली पानं रोज वेचून साबणाच्या पाण्यात बुडवा. मोठं गोल भोक पाडून अर्धी आत, अर्धी बाहेर राहणारी अळी वेगळी, ती फळ पोखरणारी. जवळ झेंडूच्या दोन कुंड्या ठेवा. पतंग आधी झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालतो, तिथेच अळ्या वेचता येतात. गरज पडली तर बीटी पावडर (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची), लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी.

खारी आणि बुलबुल रंग चढेपर्यंत थांबतात. फळ अंड्याएवढं झालं की त्यावर मलमलीची पिशवी चढवा.

## टप्पा १२: तोडणी आणि नंतर

तळाशी गुलाबी छटा दिसली की फळ तोडा. झाडावर पूर्ण लाल व्हायची वाट बघितल्याने चव फारशी वाढत नाही. तडकणं आणि पक्षी मात्र वाढतात. देठाच्या वरच्या गाठीवर कात्रीने कापा, ओढू नका. घरात सावलीत, देठाची बाजू खाली करून, एकेरी थरात ठेवा. चार-सहा दिवसांत पिकतं. फ्रिजमध्ये ठेवू नका, वास निघून जातो.

फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढतं. ३० अंशांच्या वर लाल रंग नीट तयार होत नाही, खांदे पिवळे राहतात. तेव्हा ३५ टक्क्यांची हिरवी जाळी बांधा आणि फळं आणखी लवकर, हिरवट-पिवळी असतानाच घरात आणा.

बी राखायचं असेल तर संकरित जातीचं राखू नका, पुढच्या पिढीत गुण फुटतात. चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिमसारख्या सरळ वाणांच्या निरोगी झाडावरचं दुसऱ्या घडातलं फळ पूर्ण पिकू द्या. बिया गरासकट काचेच्या पेल्यात दोन-तीन दिवस आंबवा, वर साय धरली की धुवा आणि चिनी मातीच्या बशीत सावलीत वाळवा. कागदावर वाळवल्या तर चिकटतात.

मार्चच्या अखेरीस झाड काढताना ते मुळासकट उपटा आणि मुळं पाण्यात धुऊन बघा. पांढरी, तंतुमय असतील तर माती चांगली आहे. नवीन शेणखत मिसळून तिच्यात मेथी, पालक, चवळी घ्या. त्या पिशवीत पुढच्या हंगामात टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांपैकी काही लावू नका. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी आहेत. ती माती गच्चीवर अर्धा फूट जाडीने पसरा, ओली करा, पारदर्शक प्लॅस्टिकने घट्ट झाका आणि एप्रिल-मेच्या उन्हात सहा आठवडे तशीच राहू द्या.